पाटीवरचे बावीस किलोमीटर

मंगळवार, ता. ९
दुपारी, जेवणं आटोपल्यावर

चि. भिंगरी हिला ताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. बाबांचा गुडघा सकाळी कुरकुरतो आणि दुपारी ते विसरून जातात. तू पाठवलेला स्वेटर घालून ते भर उन्हात बसतात. मी दोन वर्षांपूर्वी आणलेला अजून घडीत आहे, तो म्हणे टोचतो. दोन्हींची लोकर मी बोटांनी चाचपून पाहिली. काडीचा फरक नाही. पण असो.

रविवारी तुम्ही येताय, त्याची तयारी चालू आहे. बाबा पंचाहत्तर वर्षांचे होणार याचा त्यांना आनंद कमी आणि तू येणार याचा जास्त आहे. उद्यानात सध्या बरीच गर्दी असते. होड्यांच्या धक्क्याच्या फळ्या बदलल्या, पक्षी बघायच्या मचाणाला नवा जिना लागला. तलावाच्या फेरीच्या वाटेवर मी गेल्या महिन्यात चाळीस पायऱ्या बसवल्या. लोक त्यावर बसून डबे खातात आणि वर मलाच विचारतात, "बाई, इथे कचऱ्याचा डबा का नाही?"

आमचे साहेब नवीन आहेत. आल्याबरोबर त्यांनी सगळ्या पायवाटा पालथ्या घातल्या, हातातल्या फोनवर अंतर मोजत. आता सगळ्या पाट्या बदलताहेत. शनिवारपर्यंत गेटवरचीही बदलेल. त्या पाटीवर आजवर 'तलाव फेरी – २२ कि.मी.' असं आहे, तुला पाठच असेल.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, असं तू म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. आणि बोलू दिलंस, तर मी पायऱ्यांचंच सांगत बसेन.

बाबा रोज चार वाजता गेटजवळच्या बाकावर जाऊन बसतात. आलेल्या माणसाला विचारतात, "फेरी मारणार का? आमची धाकटी पळत मारायची. दोन तास, एक मिनिट, चाळीस सेकंद! बुटाची नाडी सुटली हो, नाहीतर राज्याच्या संघात असती." मग सुस्कारा. अकरा वर्षं तोच सुस्कारा. मी तिथेच कुदळ घेऊन उभी असते. परवा एका बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "आणि या कोण?" तर म्हणाले, "ही मोठी. हीसुद्धा पळायची."

हीसुद्धा! त्यांना आंघोळीला पाणी मी काढून देते, गुडघ्याला तेल मी चोळते, आणि मी 'हीसुद्धा'. तू वर्षातून दोनदा येतेस, पिशवीतून काहीतरी काढतेस, आणि बाबा लहान मुलासारखे होतात. माझ्या अंगाचा तिळपापड होतो. तू चहा मागतेस तेव्हा मी मुद्दाम साखर कमी घालते, हे तुला कळलं आहे का ते मला माहीत नाही.

बाकी काय? तुझ्या चष्म्याच्या दुकानातली बढती कळली. अभिनंदन.

भिंगरे, तीनदा पत्र बाजूला ठेवून पुन्हा हातात घेतलं. आता सरळ लिहिते.

तुला पळायला मी शिकवलं. माझी पाण्याची बाटली धरून तू मागे मागे यायचीस. बारा वर्षांची होतीस तेव्हा एकदा टेकाडाच्या चढावर तू पुढे निघून गेलीस. गेलीस त्याचं काही नाही. पण वर जाऊन तू थांबलीस, आणि मी धापा टाकत आले तेव्हा विचारलंस, "ताई, दमलीस का गं?" किती मायेने विचारलंस! त्या दिवसापासून मी तुझ्यावर जळते. हेवा वगैरे शब्द फार सभ्य आहेत, म्हणून जळते असंच लिहिते.

माझ्या निवड चाचणीला दोन तासांची अट होती. मला दोन तास, एक मिनिट, पन्नास सेकंद लागले. बाबा म्हणाले, "असू दे, प्रयत्न केलास ना." तीन वर्षांनी तुझी चाचणी आली. तेव्हा मला उद्यानात नोकरी लागून तीनच महिने झाले होते. चाचणीच्या चार दिवस आधी लव्हाळ्याजवळचा काठ ढासळला आणि वाट पाण्यात गेली. टेकाडाच्या अंगाने वळसा मीच काढला, झेंड्या मीच रोवल्या. चाचणी घेणाऱ्या सरांनी विचारलं, "अंतर तेवढंच भरतंय ना?" मी म्हटलं, "हो सर, तेवढंच." मोजायचं चाक शेडमध्ये होतं आणि शेडची किल्ली माझ्या खिशात होती. मी मोजलं नव्हतं. कामाची घाई होती, हे खरं आहे. तोवर माझ्या मनात काही वाईट नव्हतं, हेही खरं आहे. यावर विश्वास ठेव असं म्हणायचा हक्क मला उरला नाही, तरी लिहून ठेवते.

तू शंभर सेकंद उशिरा आलीस. गवतावर बसून रडलीस. म्हणालीस, "धक्क्यापाशी नाडी बांधायला थांबले, त्यानेच घात केला." बाबांनी तुला पोटाशी धरलं. मी पाणी आणायला गेले, आणि नळापाशी मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! आता घरात हरलेली मी एकटी नव्हते. तू दहा सेकंद पुढे होतीस. तेवढं मला चालत होतं.

आठव्या दिवशी नकाशात वळसा भरायचा म्हणून मी चाक घेऊन गेले. वळशाने वाट सहाशे दहा मीटर वाढली होती.

तू बावीस किलोमीटर पळाली नव्हतीस. त्याहून सहाशे दहा मीटर जास्त पळाली होतीस, तेही चढाचे. तुझ्याच वेगाने हिशेब केला तर तुझ्या वेळेतून तीन मिनिटांहून अधिक वजा होतात. म्हणजे तू दोन तासांच्या आत होतीस. नाडी बांधूनसुद्धा आत होतीस.

हरकत घ्यायला महिन्याची मुदत होती. सरांची खोली गेटला लागूनच होती. मी त्या दिवशी गेले नाही, दुसऱ्या दिवशी गेले नाही, रोज त्या दारावरून येत-जात राहिले. महिना संपला, आणि पुढच्या वर्षी तू वयात बसत नव्हतीस. वळशाचं मोजमाप लिहिलेलं नोंदवहीतलं पान मी फाडून घेतलं. जाळता आलं असतं, जाळलं नाही, एवढंच माझ्या बाजूने मांड. पान सोबत जोडलं आहे.

त्यानंतर तू कधी नाडीचे बूट घातले नाहीस. आणि मी दरवेळी तुझ्या पायांकडे बघून म्हणायचे, "नाडी घट्ट बांधायला शिकवलं होतं मी!" सगळे हसायचे. तूही हसायचीस.

साहेबांनी काल विचारलं, "वळसा झाला तरी पाटीवर बावीसच कसे राहिले?" मी म्हटलं, "माझी चूक." त्यांना वाटलं पाटीबद्दल बोलते आहे. शनिवारी तिथे २२.६ लागतील. रविवारी गाडीतून उतरून तू ते वाचशील, तुला हिशेब करायला दोन मिनिटं पुरतील, आणि मी शेजारी उभी असेन. त्याआधी तुला माझ्याकडूनच कळावं, म्हणून हे पत्र.

माफ कर असं लिहिते आहे, पण ते अकरा वर्षांना पुरणार नाही हे मला कळतं. रविवारी आलीस तर मी गेटवर असेन. नाही आलीस, तर का आली नाहीस ते बाबांना मी सांगेन, आणि खरं तेच सांगेन. नाडीची गोष्ट आता त्यांनी कोणाला सांगायला नको. आलीस तर नाडीचे बूट घालून ये.

आणखी एक राहिलं. त्या उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर जुनी वाट उघडी पडली. मी चाक घेऊन एकटी गेले आणि माझी फेरी मोजली. म्हटलं, माझ्या वेळीही कोणाकडून काही चुकलं असेल. बावीस किलोमीटर भरले. वर एक मीटर नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले. तेवढेच.

हे वाचून तू रडशील, चिडशील, पण तू पोचली होतीस हे तुला कळेल. मला कोणी असं पत्र पाठवणार नाही. आत्ता, या घटकेलासुद्धा, मी तुझ्यावर जळते आहे.

तुझ्या मागे दहा सेकंद नव्हे, साडेतीन मिनिटं राहिलेली,
ताई