नंदाची कोपरं

रविवार, ९ नोव्हेंबर

धाकटी बहीण नंदा आज जयसिंगपूरहून आली, ती बिनबाह्यांचा ब्लाउज घालून. सोरायसिस आम्हा दोघींना, इंजेक्शनही एकच. पण तिची कोपरं गुळगुळीत आणि माझी खवल्यांनी भरलेली. जेवताना सारखी तिची कोपरंच बघत होते. मलाच का गुण येत नाही?

ती म्हणाली, “आक्का, डॉक्टर म्हणालं, अंगाची राखण करणाऱ्या पेशीच आपल्यावर उलटल्यात. बरं झालं तरी त्या कातडीत दबा धरून बसत्यात. पुन्हा तिथंच उठंल की!”

तिलाही पुन्हा उठेल, हे ऐकून मला बरं वाटलं. सख्ख्या बहिणीचं! त्या कोपरांवर पुन्हा खवले... शी, कसलं हे माझं मन!

मग तिनं माझ्या पाठीला मलम लावलं. घरात दुसरं कुणी हात लावत नाही.

जाताना म्हणाली, “पुढच्या रविवारी बी यीन. पाठीला तुझा हात पुरत न्हाई.”

नको म्हणायचं होतं. म्हणवलं नाही.