चालू राहिलेलं रडार

२१ एप्रिल, रविवार

आजही चुकलं! तिन्ही साइडआर्म मिसाईलं मातीत. हे मिसाईल म्हणजे नुसत्या वासावर धावणारं आंधळं कुत्रं. समोरचं रडार चालू असेल तोवरच त्याला वाट सापडते. पल्लाही तोकडा, पार जवळ जावं लागतं. विमान नदीला चिकटून नेलं, टेकडी ओलांडली, रडार सापडल्याची मिसाईलची गुरगुर कानात सुरू झाली, कळ दाबली — आणि मुर्ताझकाकांनी रडार बंद केलं! मिसाईल गेलं कुणाच्या तरी मक्यात.

काका समोरच्या कॉम्प्युटरवरून हसले. "पोरा, गुरगुर ऐकली की तुला धीर धरवत नाही. आणि ते मला ठाऊक असतं."

साठीचा माणूस दर रविवारी कुटाइसीच्या या गेमच्या दुकानात येतो. विमान कधीच घेत नाही. जमिनीवरची रडारगाडीच. बाबांच्या रडारगाडीवर तेच प्रमुख होते. बाबा २००८च्या ऑगस्टमधल्या लढाईत गेले, काका वाचले.

खेळाच्या नकाशात आमचं गावसुद्धा आहे. आमच्या गल्लीत एकच घर चौदा वेळा, शिक्का मारल्यासारखं. बटूमीच्या बंदरावरचं काम सोडून महिना झाला. पुढे कुठे जायचं ठरत नाही. बूट घ्यायला हवेत.

२२ एप्रिल

रडार बंद करायला एक बोट लागतं. एक! मग बाबांना काय झालं होतं?

२८ एप्रिल, रविवार

विचारलंच. "काका, बाबा खरंच रडार बंद करायला विसरले का हो?"

"विमान घे. वेळ जातोय," म्हणाले. आज दोनदा माझ्या डोळ्यांसमोर रडार विझवलं.

६ मे, सोमवार

ईस्टरनंतरचा सोमवार, सगळं गाव कबरींवर. आईनं रिवाजाप्रमाणे बाबांच्या कबरीच्या दगडावर लाल रंगवलेली अंडी ठेवली. काकांनी कबरीवर वाइन ओतली. शेजारच्या कबरीपाशी गावातला ओतिया बसला होता, सकाळपासूनच प्यायलेला. म्हणाला, "ए नुक्री, घरातला दिवा तरी विझवून आलास ना? की बापासारखाच?"

दोघे-तिघे हसले. लहानपणापासून हेच ऐकतोय — गोचा बटण बंद करायला विसरला, मेला, गाडी घालवली. शाळा सोडली ती यापायीच. नाही, गणितही येत नव्हतं.

आई खाली बघत होती. काका ओतत राहिले. बाटली रिकामी झाली तरी उपडीच धरलेली.

७ मे

रात्रभर कानात गुरगुर. हेडफोन नव्हताच.

१२ मे, रविवार

आज मी खेळातली रडारगाडी बाबा गेले त्या टेकडीवर ठेवली. खरी जागा, काकांनीच कधीतरी दाखवलेली. त्यांनी नकाशा बघितला. बसले.

मी खालून आलो. गुरगुर. या वेळी थांबलो. ते बंद करतील म्हणून थांबलो, अजून जवळ गेलो. बंद होईना! सोडलं. रडार चालूच. आणि हेडफोनमध्ये काकांचा आवाज, हळू, शेजारी बसलेल्याला सांगावं तसा — "अजून एक फेरा, गोचा. एकच फेरा."

त्यांच्या शेजारी कुणी नव्हतं.

पडद्यावर गाडी पेटली. पहिल्यांदाच नेम लागला माझा. मागची पोरं ओरडली, "वा रे नुक्री!"

काकांनी हेडफोन काढला. "तो दोनदा म्हणाला, बंद करू या. मी प्रमुख. मी म्हटलं, अँटेना अजून एकदा फिरू दे, विमान कुठलं ते कळेल. आणि मी डोळ्यांनी बघायला बाहेर उतरलो. तो आत राहिला. हुकूम होता ना!"

"मग विसरले असं कोण म्हणालं?"

"मी. चौकशीत लिहून दिलं तसं."

माझा हात उठला होता. मारला नाही. का, ते अजून कळत नाही. म्हणालो, "गावासमोर सांगा. ओतियासमोर सांगा." ते म्हणाले, "सांगतो. आधी तुझ्या आईला विचार."

आईला? तिला काय विचारायचं!

१३ मे

आई अक्रोड फोडत होती. मी सगळं सांगितलं. तिचा हात थांबला नाही. "लढाईनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात दारात उभा राहून सांगितलं मुर्ताझनं. गावात सांगायलाच निघाला होता. मी अडवलं. तो तुरुंगात गेला असता, तर आपल्याला जळणाची लाकडं कुणी आणली असती? गोचाला कुणी काही म्हटलेलं ऐकू येणार नव्हतं. तुला थंडी वाजत होती."