पुस्तकांच्या दुकानाचं उपाहारगृह झालं त्याची हकीकत

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून अर्धाच वाकलो, उरलेला उधार). तुझा गुडघा कसा आहे? फोनवर तू "बरा आहे" म्हणतेस, पण भावोजी गेल्यापासून तू सगळ्याच प्रश्नांना तेच उत्तर देतेस, तेव्हा त्यावर माझा काडीचा विश्वास नाही. इकडे आम्ही दोघं ठीक. पत्रास कारण की, मध्यंतरी काही महिने मी एका उपाहारगृहाचा मालक होतो आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

झालं असं. दुकानात कार्डाचं यंत्र बसवायला बँकेचा माणूस आला, तो नेमका माझ्या जेवणाच्या वेळेला. मी गल्ल्यावर डबा उघडून बसलेलो, दुकानभर फोडणीचा वास. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, फॉर्म भरला आणि मी तेलकट बोटांनी सही ठोकली (न वाचता! जन्मभर लोकांना वाचा म्हणून सांगणारा मी!). जुन्या पुस्तकांच्या दुकानात गिऱ्हाईक येतं कुठे, म्हणून बरेच दिवस काही कळलं नाही. मग वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी एक जाडजूड शब्दकोश कार्डावर पैसे देऊन नेला आणि थोड्या दिवसांनी जिना उतरत धावत आल्या. "अहो काका, तुमच्याकडे जेवल्याचे पाचपट पॉइंट मिळाले मला!" मी म्हटलं, "बाई, शब्दकोश नेला होतात, खाल्ला नाहीत ना?"

तेव्हा त्यांनी मला स्टुलावर बसवून समजावलं. प्रत्येक दुकानाला म्हणे बँकेकडे एक चार आकडी कोड असतो. किराण्याचा वेगळा, पेट्रोलचा वेगळा, हॉटेलांचा वेगळा. पिशवीत काय पडलं ते कार्ड बघत नाही, ते फक्त कोड बघतं. आणि त्यांचं कार्ड हॉटेलातल्या खर्चावर पॉइंटांची खैरात करतं, पुस्तकांवर मात्र चिमूटभर. माझ्या डब्याच्या कृपेने आपल्याला कोड पडला होता हॉटेलाचा!

बाईंनी ही बातमी आपल्या रुग्णांना सांगितली (तोंड उघडं ठेवून बसलेला माणूस ऐकण्यावाचून दुसरं करणार काय?). मग काय विचारतेस! माणसं पिशव्या घेऊन येऊ लागली. एका हिशेबनीसाने तर कादंबऱ्यांचा ढीगच उचलला. कुठल्या हव्यात म्हणून विचारलं, तर म्हणाला, "जाड असल्या म्हणजे झालं." पण ताई, पुढच्याच आठवड्यात तो परत आला, डोळे सुजलेले. "तुमच्या त्या जाड पुस्तकातली म्हातारी गेली हो!" म्हणाला आणि दुकानात बसून ढसाढसा रडला. मी त्याला पेलाभर पाणी दिलं (आमच्या उपाहारगृहाने वाढलेला हा एकमेव पदार्थ).

मला मात्र घास गोड लागेना. न वाढलेल्या जेवणाचे पॉइंट लोक माझ्या नावावर घेत होते, आणि मी नुसता बघत होतो. तुझ्या भावजयीला सांगितलं, तर ती म्हणाली, "दुकान कधी नव्हे ते चालतंय. पण तुम्ही रात्रभर कूस बदलत राहणार असाल, तर जा आणि सांगून या." गेलो. बँकेतल्या मॅनेजरबाईंनी विचारलं, चुकीच्या कोडमुळे तुमचा तोटा होतोय का? मी म्हटलं, नाही, चांगला फायदा होतोय, म्हणूनच आलो. त्यांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं आणि पंख्याखालच्या खुर्चीत बसायला सांगितलं. शेवटी कोड बदलला. पॉइंटवाले चिमण्यांसारखे भुर्रकन उडाले. हिशेबनीस तेवढा उरला; हल्ली तो पातळ पुस्तकंसुद्धा घेतो.

बाकी क्षेम. शिडीवर चढून माळे साफ करू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. मुख्य मुद्दा राहिलाच. दुकानाच्या मागच्या भागात खरोखरचंच उपाहारगृह काढावं म्हणतो, म्हणजे तो कोड हक्काने मिळेल. स्वयंपाकाला भरवशाचं माणूस हवं आणि तुझ्या हाताला चव आहे. धंद्याची नड आहे म्हणून विचारतो, एरवी तुला त्रास दिला नसता. निदान वर्षभर तरी राहावं लागेल.

दुसरा ता. क., माझ्या हातचा. वन्सं, नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. उपाहारगृह वगैरे काही निघत नाहीये. मागच्या भागात पुस्तकं छताला टेकली आहेत, चहाचा कप ठेवायला जागा नाही. "राहायला या" म्हटलं की तुम्ही "उगाच तुम्हाला ओझं" म्हणता, म्हणून हे कधीपासून घरभर येरझाऱ्या घालत निमित्त शोधत होते. स्वयंपाक मीच करीन, तुम्ही नुसत्या या. तुमचं तिकीट मी माझ्या कार्डावर काढलं आहे. प्रवासाच्या कोडवर मला दुप्पट पॉइंट मिळाले आहेत, आणि तिकीट रद्द केलं तर बँक ते परत काढून घेते. आता भावजयीचं नुकसान करायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा.