मावशीचा गजर

प्रिय ताई,

मेल उघडलीस ना, मग आता बस आणि शेवटपर्यंत वाच. स्वयंपाक राहू दे. घाईघाईत लिहितेय, काही उलटसुलट लिहिलं गेलं तर समजून घे.

माझा तो प्रबंध तुला माहीतच आहे. मानवी जीवशास्त्राचा, पदवीच्या शेवटच्या वर्षाचा, आणि तुझ्या भाषेत, इकडून उचलून तिकडे ठेवायचा. प्रयोगशाळा नाही, रक्ताचे नमुने नाहीत, उंदीर तर नाहीच नाही. दुसऱ्यांचं संशोधन वाचायचं, निवडायचं आणि त्यातून काय निघतं ते लिहायचं. ग्रंथालयाच्या खुर्चीत बसून बूड दुखतं, एवढंच काय ते माझं स्वतःचं निरीक्षण. विषय घेतला, धडधाकट तरुण माणसांचं हृदय अचानक का थांबतं. हा विषय रडवेल, असं आमच्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या होत्या. मला वाटलं, मार्कांचं म्हणताहेत.

कोण काय करताना कोसळलं, याचा मी तक्ता करत होते. धावताना, पोहताना, भांडताना. मग एका लेखात आलं, गजर वाजल्यावर. दुसऱ्यात, फोन वाजल्यावर. तिसऱ्यात दारावरची बेल. मला आधी हसूच आलं गं! म्हटलं, ही तर आपली धाकटी मावशी. फोन वाजला की धपकन खाली बसायची, कधी आडवीच व्हायची, आणि मामा तिला नाटक कंपनी म्हणायचा. शुद्धीवर आली की तीही आपल्याबरोबर हसायची.

आणि मग तिची ती शेवटची सकाळ आठवली. आई उठवायला गेली तेव्हा उशाशी गजर वाजतच होता. झोपेत गेली, त्रास झाला नाही, असं सगळे म्हणाले. मीही आजवर तेच म्हणत आले. अगं, मला नाही वाटत ती झोपेत गेली. गजराने तिला जागं केलं असणार, आणि... मला पुढे लिहवत नाही.

प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला सावरायला जो वेळ लागतो, तो काही घराण्यांत जन्मतःच लांबलेला असतो. एरवी माणूस ठणठणीत. दचकलं की ताल बिघडतो. भीती घालवावी म्हणून मी काल कॉलेजच्या दवाखान्यात ईसीजी काढला. डॉक्टरीण बाईंनी कागद दोनदा बघितला आणि विचारलं, घरात कुणी असं अचानक गेलंय का. ताई, माझ्यातही आहे ते. मी! जिने धावत चढणारी, तुझ्या वाटचं खाऊन वर ढेकर देणारी! रोज गोळी घ्यायची आणि जपायचं, म्हणाल्या. मी नीट आहे, पण विश्वासच बसत नाही गं.

पण पत्र माझ्यासाठी नाही. गेल्या आठवड्यात तूच हसत सांगितलंस, शाळेची घंटा झाली आणि तुझी चिमणी वर्गात कोसळली. न खाता गेली होती, अगदी मावशीवर गेलीय, म्हणालीस. ते तुझं हसणं माझ्या कानातून जात नाहीये. उद्याच तिला हृदयाच्या डॉक्टरांकडे ने, तुझाही ईसीजी काढ. सकाळी गजर लावू नकोस, हलकेच हात लावून उठव तिला. आईला मी सांगते. हे सगळं फोनवरच सांगणार होते, नंबर लावतही होते. तेवढ्यात तुझा तो कर्कश फोन डोळ्यांपुढे आला, आणि तो वाजला की सगळ्यांच्या आधी धावत येणारी चिमणी. मी फोन ठेवून दिला. आधी त्याचा आवाज बंद कर, मग तूच मला लाव. वाट बघतेय.

तुझंच,
घाबरलेलं शेंडेफळ