दोन टिंबांची कॅप

प्रिय भोंग्या,

‘प्रिय’ लिहिताना पेन अडलं, पण पत्राची सुरुवात कशाने तरी करावी लागते म्हणून लिहिलं. हुरळून जाऊ नकोस. मी रागावलेय. अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते मला या वयात कळलंय. फोन केला असता, पण फोनवर तू ‘ताई, आधी माझं ऐक’ म्हणतोस आणि शेवटपर्यंत मलाच ऐकावं लागतं. लहानपणी तुझ्या रडण्याने शेजारीपाजारी दारात येऊन उभे राहायचे, त्यावरून तुझं हे नाव पडलं. आवाज तसाच राहिलाय, फक्त आता लोक तो ऐकायला तुझे व्हिडिओ लावतात. कागदावर तुला मध्येच बोलता येणार नाही, म्हणून पत्र.

तर बातमी अशी की गाडी बंद आहे. बाबांची गाडी. तू सुट्टीत येऊन जिचं इंजिन खोललंस आणि बाबांना भेट म्हणून शर्यतीच्या गाड्यांत घालतात तसले महागडे पिस्टन बसवून गेलास, ती. गेल्या आठवड्यात दवाखान्याच्या चढावर तिची टकटक एवढी वाढली की मी तिथेच चावी काढली. उतारावरून रेटत, ओळखीच्या दोघांना हाताशी घेऊन तिला गॅरेजमध्ये आणली. तू दर फोनला विचारतोस ना, ‘कशी पळते?’ अशी पळते. माणसांनी ढकलल्यावर.

आता लगेच कपाळाला आठ्या घालू नकोस. तुझ्या पिस्टनला मी नावं ठेवणार नाही. हातात घेऊन बघितलेत, काम सुबक आहे, ज्याने घडवले त्याने प्रामाणिकपणे घडवलेत. पण ते कुणासाठी? जो इंजिनाकडून दुप्पट काम काढून घेतो त्याच्यासाठी. आपली गाडी बाजारात जाते, दवाखान्यात जाते, रविवारी तळ्यापर्यंत जाऊन परत येते. नुसते पिस्टन बदलून ताकद वाढत नाही, जास्तीची ताकद आली तर ती सोसता येते एवढंच. हे तुला माहीत नाही असं नाही. तूच व्हिडिओत छाती फुगवून सांगतोस, आणि त्याच तोंडाने प्रत्येक गिऱ्हाइकाला ते विकतोस. आणि पिस्टनबरोबर तू बसवून गेलास ती हवेच्या लाल फिल्टरची डबी तर निव्वळ घरघर करण्यासाठी. गाडी जागेवर उभी असते आणि वाटतं निघालीच.

महागडे पार्ट घ्यावेत की नाही, यावर बाबांचं म्हणणं काय होतं ते आठवतं? आपण दोघं कामाच्या टेबलाखाली बसून नट-बोल्ट वेगळे करायचो तेव्हा ते गिऱ्हाइकांना सांगायचे, ‘जे बदलायला इंजिन खोलावं लागतं ते उत्तमातलं घ्या. जे बाहेरून निघतं ते साधं चालेल. आणि बसवणारा घाईत असेल तर काहीच घेऊ नका.’ लोक हसायचे. पहिली दोन वाक्यं तू तुझ्या दुकानाच्या भिंतीवर लावलीस म्हणे, मोठ्या अक्षरांत. तिसरं गाळलंस. बरोबरच आहे, त्यावर काही विकता येत नाही.

तू पिस्टन बसवलेस तो दिवस मला आज पुन्हा बघावा लागला, कारण तूच तो व्हिडिओ करून सगळ्या जगाला दाखवून ठेवला आहेस. बाबांनी सकाळीच जमिनीवर जुनी चादर अंथरली होती. आपल्या गॅरेजचा रिवाज तुला पाठ आहे: इंजिनाच्या प्रत्येक खान्याची, म्हणजे सिलिंडरची, चादरीवर वेगळी ओळ, चादर कुणी ओलांडायची नाही, आणि रॉडची कॅप काढली की काम झाल्याबरोबर ती त्याच रॉडला परत लावायची. एका वेळी एकच कॅप हातात. पिस्टनला खालच्या क्रँकशी जोडणारा तो रॉड, त्याच्या बुडाचं अर्धं कडं म्हणजे ही कॅप. चारही कॅपा दिसायला सारख्याच, पण प्रत्येक आपल्या रॉडबरोबरच घडवलेली असते, दुसऱ्याला लावली तर बसल्यासारखी वाटते आणि बसत नाही. लोणच्याच्या बरण्यांची झाकणं असतात तशी. हे मी तुला का सांगतेय? पाना हातात धरायच्या आधीपासून तुला हे माहीत आहे, म्हणूनच सांगतेय.

पण चादर व्हिडिओत कळकट दिसत होती. तुझ्या मित्राने ती गुंडाळून कोपऱ्यात टाकली, पांढरं टेबल आणलं, दिवे लावले. मग चमकायला हव्यात म्हणून तू चारही कॅपा एका ट्रेमध्ये ओतल्यास आणि एकदम धुतल्यास. बाबा पुढे झाले. ‘एकेक धू रे,’ म्हणाले. आणि तू काय म्हणालास? ‘बाबा, जरा मागे व्हा, फ्रेममध्ये येताय.’ ते मागे झाले. स्वतःच्या गॅरेजमध्ये, स्वतःच्या गाडीपासून. व्हिडिओत त्यांची बाही दिसते आणि मग दिसत नाही. तेवढा तुकडा मी पुन्हा पुन्हा लावून बघितला आणि दर वेळी मला तुझ्या एक मुस्काटात द्यावीशी वाटली. हजारो लोकांनी बघितला म्हणे तो व्हिडिओ. एकाही शहाण्याला त्या ट्रेमध्ये काय घोळ झाला ते कळलं नाही. सगळं जोडल्यावर क्रँक हाताने फिरवताना जड लागत होता, तेव्हा ‘पिस्टनच्या रिंगा नव्या आहेत, सैलावतील’ असं सांगून तू मोकळा झालास.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर खिळ्यावरून काढला, टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला. डोळे मिटून उभे राहिले. म्हणाले, ‘मधे कुठेतरी ठोका आहे.’ तू हसलास. असले पिस्टन जरा सैलच बसवावे लागतात, गार असताना टकटक करतात आणि इंजिन तापलं की गप्प होतात, असं सांगितलंस. ते खरंच आहे. तू खोटं बोलला असतास तर मला एवढा राग आला नसता. बाबा तुझं ऐकून फेरी मारून आले, पुन्हा मूठ कानाला लावली आणि म्हणाले, ‘तापल्यावरही आहे रे. खाली आहे, वर नाही.’ तेव्हा तू चार मित्रांसमोर म्हणालास, ‘बाबा, आवाज गाडीत नाहीये, तुमच्या कानात आहे. एकदा तपासून घ्या.’ मित्र खो खो हसले. बाबाही हसले. त्यांना तसं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं आणि पुन्हा पाहायचं नाहीये.

मग तू गेल्यावर ते कानात घालायचं यंत्र पाठवलंस. कानाच्या डॉक्टरीणबाई बाबांना तपासून म्हणाल्या होत्या की वयाच्या मानाने उत्तम ऐकू येतं, घाई नको. पण तुला घाई होती, आणि दुकानातलं सगळ्यात महाग तेच सगळ्यात चांगलं हा तुझा धर्म. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! इंजिनात महागडे पिस्टन, बापाच्या कानात महागडं यंत्र, आणि दोन्ही ठिकाणी नुसती घरघर. तुझा व्हिडिओ कॉल आला की ते यंत्र कानात घालतात, तुला बरं वाटावं म्हणून. तू ‘आता कसं वाटतंय?’ असं ओरडून विचारतोस आणि ते मान डोलावतात. फोन ठेवला की काढून डबीत.

आणि त्यांनी ऐकणं सोडलं. हे तुला ठाऊक नाही, कारण तुला सांगायची त्यांनी मला मनाई केली होती. शाळेच्या बसचा ड्रायव्हर, जो आजवर बाबांनी कान लावल्याशिवाय बस पुढे नेत नसे, तो आला तर म्हणाले, ‘माझे कान गेलेत, पोरीला दाखवा.’ पाववाल्याची व्हॅन आली, तरी तेच. मी काम करते, चांगलं करते, पण इंजिनाच्या पोटात कुठे दुखतंय ते मला खोलून बघावं लागतं. त्यांना नाही लागायचं. हळूहळू त्यांनी गॅरेजमध्ये यायचंच बंद केलं. वर घरात खिडकीशी बसतात. खालून गाडी गेली की पूर्वी ‘हिची पट्टी सैल आहे’ म्हणायचे, आता टीव्हीचा आवाज वाढवतात. ऐकू येत नाही म्हणून नाही रे. ऐकू येतं म्हणून वाढवतात.

परवा मी इंजिन खोललं. चादर अंथरली, एकेक करून उतरवलं. पहिला खाना ठीक, चौथा ठीक. दुसऱ्याचं आणि तिसऱ्याचं बेअरिंग झिजून गेलेलं, क्रँकवर ओरखडे. आणि खुणा. फार वर्षांपूर्वी बाबांनी हे इंजिन पहिल्यांदा खोललं तेव्हा लोखंडी पंच ठोकून पाडलेल्या खुणा, रॉडवर जेवढी टिंबं तेवढीच त्याच्या कॅपवर. दोन टिंबांच्या रॉडला तीन टिंबांची कॅप, तीनच्या रॉडला दोनची. ठोका मधे होता. खाली होता. तापल्यावरही होता. त्यांनी डोळे मिटून सांगितलेला शब्द न् शब्द त्या चादरीवर मांडलेला होता. मी तिथेच खाली बसले आणि तुला मोठ्यांदा शिव्या दिल्या. त्या इथे लिहीत नाही, तू बाबांना वाचून दाखवशील.

मला वाटलं, चला, आता सगळं सरळ झालं. धावत वर गेले, हाताला धरून त्यांना खाली आणलं. म्हटलं, ‘बाबा, बघा. तुमचे कान बरोबर होते.’ ते चादरीशी उकिडवे बसले. कॅप उचलली, अंगठा टिंबांवरून फिरवला. बराच वेळ फिरवला. मला वाटलं आता हसतील, निदान तुझा उद्धार तरी करतील. ते म्हणाले, ‘तेव्हा माझ्याच हातून खुणा चुकल्या असतील गं. त्याने खुणेला खूण जुळवूनच लावलं असेल. परवा उघडताना तुझ्याकडून इकडचं तिकडे झालं असेल, नाहीतर आत्ता माझ्याकडून.’

भोंग्या, तुला कळतंय का काय झालं ते? खुणा चुकल्या असत्या तर एवढी वर्षं इंजिन सुतासारखं चाललं असतं का? हे मी म्हटलं. त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण मुलगा चुकला म्हणण्यापेक्षा स्वतःचा हात चुकला म्हणणं त्यांना सोपं गेलं. कान तुला आधीच देऊन टाकले होते, आता हातही दिले. उठताना त्यांनी खिळ्यावरचा स्क्रू ड्रायव्हर काढून माझ्यापुढे धरला. ‘तूच ठेव आता,’ म्हणाले. मी घेतला नाही. तो पुन्हा खिळ्यावर लटकतोय आणि मी येता-जाता त्याच्याकडे बघून दात-ओठ खाते.

चूक झाली याचा मला राग नाही. कॅपा कुणाकडूनही बदलतील, माझ्याकडूनही. राग याचा आहे की एक माणूस आपल्या कानांनी खरं सांगत होता आणि तू त्याला फ्रेमबाहेर काढलंस. माझ्या सांगण्याने आता काही होणार नाही. मी त्यांच्या बाजूचीच, त्यांना वाटतं मी मन राखायला बोलते. सोनारानेच कान टोचलेले बरे. तूच यायचं आहेस. मित्रांशिवाय, दिव्यांशिवाय, चादरीशी उकिडवं बसून त्यांच्या तोंडावर सांगायचं आहेस की ‘बाबा, ट्रेमध्ये मी घोळ केला. ठोका तुम्ही बरोबर ओळखला होता.’ एवढंच. मग नवी बेअरिंगं घालून त्यांच्यासमोर इंजिन जोडायचंस, आणि गाडी चालू झाली की तो स्क्रू ड्रायव्हर कानाला लावायला त्यांच्याच हातात द्यायचास.

आणि ‘बघतो ताई, जमवतो’ हे चालणार नाही, म्हणून पत्राबरोबर एक पुडकं पाठवतेय. त्यात दोन टिंबांची कॅप आहे. तिच्याशिवाय हे इंजिन जोडता येत नाही, आणि तुझ्या दुकानातली कितीही महागडी आणलीस तरी तिच्या जागी दुसरी चालत नाही, हे तुला बाबांनीच शिकवलंय. बाबांना वाटतंय ती चादरीवरच आहे. टिंबांवरून अंगठा फिरवून बघ. मग घेऊन ये.

वाट बघत नाही, हिशेबात धरते,
तुझीच,
ताई