खांबाशेजारची जागा

१२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, तेव्हा आपलं हे पत्रांचंच बरं.

हिची तब्येत आहे तशीच. डायलिसिस आता आठवड्यातून तीनदा. जाताना ती गाडीत गप्पा मारते, येताना मात्र दहा पावलं टाकायचं बळ उरत नाही. खरी पंचाईत आहे गाडीची. आमच्या इमारतीला लिफ्ट आहे, पाणी आहे, पार्किंग तेवढं नाही. घर घेताना तू नेमकं हेच विचारलं होतंस आणि मी हसलो होतो, की आपल्याकडे गाडीच कुठे आहे. आता गाडी तीन गल्ल्या पलीकडे शाळेच्या भिंतीला लावतो. हिला खालच्या पायरीवर बसवायचं आणि आपण धावत सुटायचं. परवा वाटेत टेम्पो आडवा होता, वीस मिनिटं गेली. येऊन पाहतो तर ही पायरीवरच आडवी झालेली, आणि कुणी कुरियरवाला हातातल्या पाकिटाने तिला वारा घालतोय.

समोरच्या इमारतीत तळमजल्यावर एक सुतार राहतात. साठीपुढचे, एकटेच. खांबाशेजारी त्यांच्या मालकीची पार्किंगची जागा आहे, कायम रिकामी. रोज सकाळी झाडतात मात्र. मी भाड्याने मागायला गेलो. त्यांनी हातातला रंधासुद्धा थांबवला नाही. मुलाची जागा आहे, द्यायची नाही, म्हणाले. आम्ही इथे राहायला येऊन चार वर्षं झाली, मुलगा काही मी पाहिलेला नाही.

बाकी ठीक. तुझं रागावणं चालू ठेव, त्यानेच धीर येतो.

तुझा,
बापू


२० जानेवारी

चि. बापूस,
अनेक आशीर्वाद.

तू मागायला कसा गेला असशील ते मला इथे बसून दिसतं. लहानपणी शेजारून वाटीभर साखर आणायला पाठवलं तरी जप्ती आणल्यासारखा दारात उभा राहायचास. तू आता पुन्हा जाऊ नकोस. धाकटीलाच पाठव, डायलिसिस नसेल त्या दिवशी. दया यावी म्हणून नव्हे रे. तिला माणसांशी बोलता येतं, तुला येत नाही, एवढंच.

दुसरं म्हणजे, मागच्या तीन पत्रांत तू 'आहे तशीच' एवढंच लिहितोस. मी बहिरी झाले आहे, आंधळी नाही. डॉक्टर काय म्हणाले ते खरं लिही. तिला सांगायचं नसेल तर नको सांगूस, पण कुणाला तरी सांग.

वेळेवर जेवत जा. उत्तराची वाट पाहणारी,
ताई


९ फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न.

तुमच्या सांगण्यावरून मी सुतारकाकांकडे गेले. जागा मिळाली. ह्यांना अजून खरं वाटत नाही. रोज वरून गाडी जागेवर आहे का ते बघतात.

मी जागेचं काहीच बोलले नाही. धाप लागली म्हणून तिथल्याच एका अर्धवट झालेल्या खुर्चीत बसले. काका म्हणाले, चौथा पाय नुसता टेकवलाय, जपून. मी म्हटलं, माझंही तसंच आहे. मग त्यांनी पाणी दिलं, आणि हळूहळू सगळं सांगितलं. सहा वर्षांपूर्वी मुलाने सुतारकाम सोडलं. पिढ्यान् पिढ्यांचा धंदा मोडतोस म्हणून काका संतापले आणि बोलून गेले, की माझ्या जागेत पुन्हा गाडी लावू नकोस. मुलगा निघून गेला. काका म्हणाले, "एवढं एकच माझं ऐकलं त्यानं." तेव्हापासून जागा झाडून ठेवतात. तो आला तर गाडी कुठे लावू म्हणून फिरत बसायला नको.

एका अटीवर दिली. तो आला, की त्या क्षणी आम्ही गाडी काढायची. मी हो म्हटलं. आता घरातून निघून शंभर पावलांत मी गाडीत असते. काका येता-जाता हात देतात आणि ह्यांना गाडी मागे घेता येत नाही म्हणून कुरकुरतात.

तुमची माया अशीच असू द्यावी, आता तर जास्तच लागणार आहे.

तुमची,
धाकटी


१७ एप्रिल

ती. वन्संना,
सा. न.

हे पत्र ह्यांच्या नकळत लिहिते आहे. हात सुजलाय, अक्षर सांभाळून घ्या.

मागच्या मंगळवारी काकांचा मुलगा आला होता. काका तेव्हा आमच्याकडे होते. न्हाणीघरात मला धरायला लाकडी दांडा बसवत होते. मुलाने फाटकाशी गाडी थांबवली, आपल्या जागेत दुसऱ्याची गाडी पाहिली. काकांच्या वर शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात, त्यांना विचारलं. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, जागा भाड्याने दिली. तो बरं म्हणाला, बाबांना काही झालं तर कळवा म्हणून आपल्या फ्रिज दुरुस्तीच्या दुकानाचं कार्ड दिलं, आणि गेला. पाच मिनिटांचं काम. आमच्या न्हाणीघरात ड्रिलचा आवाज चालू होता, फाटकावरचं काय ऐकू येणार.

काकांना संध्याकाळी कळलं. दुसऱ्या दिवशी ते राहिलेले दोन स्क्रू बसवायला आले. मला शिवणाऱ्या बाईंकडून कळलं. मी म्हटलं, काका, आम्ही आजच गाडी काढतो. तर म्हणाले, "त्याला पायांनी चालता येतं. तू गप बस." आणि दांडा ओढून पाहत राहिले, किती तरी वेळ.

मी बाईंकडून ते कार्ड घेऊन फोन केला. कुठून बोलते ते कळताच मुलाने ठेवून दिला. म्हणून पत्र लिहिलंय. सोबतच्या पाकिटात आहे, तेवढं तिकडून पोस्टात टाका, इथला शिक्का पाहून तो उघडायचाही नाही. ह्यांना सांगू नका. ते लगेच जागा सोडतील आणि पुन्हा शाळेच्या भिंतीपर्यंत धावत सुटतील. अलीकडे लिफ्टपर्यंत चालतानाही छातीवर हात ठेवतात, मला दिसतं.

आणखी एक. डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन काय सांगितलं ते मला माहीत आहे. मला ते माहीत नाही असं ह्यांना वाटतं. वाटू दे. तेवढ्यावर त्यांचा दिवस निघतो.

वन्सं, नंतर ह्यांच्याकडे बघाल ना?

तुमची,
धाकटी


३० जून

चि. बापूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्याकडून निघून आठवडा झाला. तिला जाऊन आज एकवीस दिवस. तिच्या कपाटाला हात लावायची घाई करू नकोस, मी येईन तेव्हा दोघं मिळून आवरू.

तुझ्या घरी असताना बोलायचं धाडस झालं नाही, म्हणून लिहिते. एप्रिलमध्ये सुतारांचा मुलगा येऊन गेला. तुझी गाडी जागेत पाहून परत फिरला. धाकटीने त्याला पत्र लिहिलं, ते मी पोस्टात टाकलं. तुला सांगायचं नाही असं तिने बजावलं होतं. उत्तर आलेलं नाही. तू रागावशील, रागव.

ताई


४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावलो होतो. तुझ्यावर दोन दिवस, हिच्यावर जरा जास्त. नंतर जागा सोडायला सुतारांकडे गेलो. आता कुणाला न्यायचं-आणायचं नाही, म्हटलं. ते म्हणाले, राहू दे गाडी, अट तुला माहीत आहे. मी माफी मागायला लागलो तर आत निघून गेले.

काल सकाळी दाराची घंटा वाजली. तिशीतला एक माणूस, हातात हिचं पत्र. घडी घालून घालून कागद दुमडीवर फाटलेला. म्हणाला, "आधी बाईंना भेटायचंय, मग बाबांकडे जाईन. बाईंनीच तसं लिहिलंय." मी त्याला बसवलं आणि सांगितलं. त्याने तिच्या जाण्याची तारीख विचारली. पत्र तीन महिने गाडीत पडून होतं म्हणाला. रोज उद्या जाऊ म्हणायचा.

मग त्याने पत्र माझ्यापुढे केलं. हिने लिहिलंय, की तुमची जागा मी अडवली, तुमच्या वडिलांनी नव्हे. भांडायचं तर आधी माझ्याशी येऊन भांडा. आणि खाली: 'लवकर या. मला फार वेळ नाही, हे फक्त माझ्या नवऱ्याला सांगू नका.'

ताई, मी पाच महिने हिच्यासमोर हसत होतो. तीही हसत होती. एकदा तरी दोघं मिळून रडलो असतो.

आम्ही दोघं खाली उतरलो, तो फाटकाशी लावलेल्या आपल्या गाडीत बसला आणि मी माझी गाडी जागेतून बाहेर काढली. आवाज ऐकून सुतार आले. फाटकाशी मुलाची गाडी पाहिली आणि जागच्या जागी थांबले. मला वाटलं आता काही बोलतील, जवळ घेतील. ते खांबापाशी जाऊन उभे राहिले, हात वर केला आणि म्हणाले, "मागे घे. डावीकडे खांब आहे. अजून. अजून. बस." सहा वर्षांनी एवढंच. मुलाने गाडी बंद केली, पण तो उतरेना. सुतारांनी दार उघडलं आणि उघडं धरून उभे राहिले. मी तिथून निघालो.

निघालो, पण जाणार कुठे? गाडी आपोआप चालल्यासारखी हॉस्पिटलच्या दारात गेली. तिथला नेहमीचा वॉर्डबॉय चाकाची खुर्ची घेऊन आला आणि सवयीने डावीकडचं दार उघडलं. सीट रिकामी. त्याने माझ्याकडे पाहिलं. दार हळूच लावलं आणि खुर्ची वळवली. तिथे मी रडलो. गाडीत बसून, लोक बघत असताना. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला नाही, कोण जाणे का.

शनिवारी तुझ्याकडे येतो. किती दिवस राहीन ते ठरवलेलं नाही. कसा आहेस म्हणून विचारू नकोस, नुसतं जेवायला वाढ.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
बापू