ट्रकचे ब्रेक आणि शर्मिलाचा पाय

नेरूळ, नवी मुंबई
दि. ३ नोव्हेंबर

आदरणीय पोपटदादा,

सप्रेम जयभीम.

तुमचा गुडघा थंडी पडेपर्यंत तरी गप्प बसला असेल आणि वहिनींची साखर आटोक्यात असेल, अशी आशा आहे. आमच्याकडे सगळे कुशल आहे असे लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. प्रत्यक्षात माझी मान डावीकडे वळून तिथेच अडकली आहे (कारण पुढे येईल), हाताचा अंगठा पान्याखाली सापडून काळानिळा झाला आहे, आणि छत्तीस वर्षांच्या नोकरीतून निवृत्त होताना परवा ऑफिसने जी शाल घातली ती मी गाडीखाली अंथरून तिच्यावर झोपतो. झोपतो म्हणजे विश्रांती घेतो असे नव्हे. वरून ऑइल गळते ते कुठून, हे बघतो.

या दिवसांत पत्र कशाला, फोन का नाही, असे तुम्हाला वाटेल. दादा, रागावू नका, पण फोन आला की तुम्ही स्पीकर लावता. मी इकडे कुजबुजत असतो आणि तिकडे तुमचे अर्धे खेड ऐकत असते, मग वहिनी जेवायच्या आत तुमच्या बहिणीला, म्हणजे आमच्या शर्मिलाला, सगळे जसेच्या तसे कळवतात. हे पत्र कृपया एकट्याने वाचावे. मोठ्याने वाचू नये.

मे महिन्यात तुमच्या आकाशच्या लग्नात तुम्ही माझ्या गाडीच्या टायरला चपलेने एक ठोकर मारलीत आणि म्हणालात, "अंकुशराव, ब्रेक मऊ हायत." एवढेच बोलून तुम्ही जेवायला गेलात. तीस वर्षे एसटी चालवलेला, विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळालेला माणूस बोलतो तेव्हा ऐकावे, हे मला कळायला हवे होते. पण मी पडलो कागदाचा माणूस. न्हावा शेव्याला कंटेनरचे कागद तपासण्यात जन्म गेला, आणि माझ्या गाडीचे सगळे कागद चोख होते. त्यात परत येताना मला हौस आली. नवा बोगदा सोडून मी कशेडीच्या जुन्या घाटाने गाडी घातली, का तर शर्मिलाला डोंगर दाखवावा. पुढे काय झाले ते तुम्ही तिच्या तोंडून ऐकलेच आहे. तिसऱ्या वळणावर पेडल खाली गेले ते वर येईना, आणि आम्ही रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगात जाऊन थांबलो. तो ढीग ज्याने तिथे टाकला त्याला मी रोज मनातल्या मनात नमस्कार करतो. लागले कुणालाच नाही. शर्मिला खाली उतरली, साडीवरची धूळ झटकली आणि म्हणाली, "ह्या गाडीत मी परत पाय ठेवणार नाही." मग पोलादपूरपर्यंत टेम्पोत बसून गेली. मी मागून क्रेनवर आलो.

आता हा पाय कोणता, ते तुम्हाला माहीत आहे. एकोणीस वर्षे झाली गाडी घेऊन, आणि एकोणीस वर्षे ती माझ्या डावीकडे बसून ब्रेक दाबते आहे. तिच्या बाजूला ब्रेक नाही, तरी दाबते. पुढे रिक्षा आली की दाबते, कुत्रा आला की दाबते, सिग्नल हिरवा असला तरी तो लाल होईल या भीतीने दाबते. तिच्या पायाखालची रबरी मॅट झिजून तिला आरपार भोक पडले आहे. मी ते भोक आल्यागेल्याला दाखवून पोट धरून हसलो आहे (तुम्हालाही दाखवले होते, तुम्ही हसला नव्हता).

आणि आमचे ठरलेले काय होते? मी रिटायर झालो की दोघांनी आपल्या गाडीने बुद्धगयेला जायचे. गाडी घेतली त्याच दिवशी ठरले होते. सोळाशे किलोमीटरच्या वर, मध्ये नागपूरला दीक्षाभूमीवर मुक्काम, वाटेत वाटेल तिथे थांबायचे आणि डबा खायचा. आता शर्मिला महिला मंडळाबरोबर रेल्वेने जाणार आहे. चौदा तारखेचे तिकीट तिने बुकिंग उघडले त्याच दिवशी काढले, ते फ्रिजवर चुंबकाखाली लावले आहे, आणि त्यावर फक्त तिचे नाव आहे. भांडण नाही, अबोला नाही. चहा वेळेवर मिळतो. दूध घ्यायला फ्रिज उघडतो तेव्हा ते तिकीट रोज माझ्या नाकासमोर येते, एवढेच.

म्हणून मी ठरवले, या गाडीला असे ब्रेक बसवायचे की शर्मिलाने नावे ठेवता कामा नये. ऑफिसच्या खिडकीतून मी आयुष्यभर बघत आलो की दोन-दोन कंटेनर लादलेला ट्रेलर बंदराच्या गेटवर बोटभर अंतर राखून थांबतो. मग माझ्या मनात आले, जो ब्रेक एवढ्या वजनाला थांबवतो तो माझ्या गाडीला थांबवणार नाही का? हा विचार मला सुचला तो दिवस कॅलेंडरातून काढून टाकता आला असता तर फार बरे झाले असते.

कळंबोलीला शिवा म्हणून एक मिस्त्री आहे. तो फक्त ट्रकची कामे करतो. माझी गाडी बघून त्याने विचारले, "ही कंच्या ट्रकवरून खाली पडली?" मी अपमान गिळला. त्याने भंगारात निघालेल्या एका मधल्या आकाराच्या ट्रकच्या पुढच्या डिस्क आणि त्यांना पकडणारे कॅलिपर काढून आणले. डिस्क म्हणजे भाकरीची परात. मी म्हणालो, हे बसेल का? तो म्हणाला, "साहेब, टेन्शन नका घेऊ. बसत नसंल तर बसवायचं." ते त्याने बसवले. मग माझे चाक त्यावरून जाईना. म्हणून मोठी चाके आली. मोठी चाके वळताना मडगार्डला घासू लागली, म्हणून मडगार्ड कापले. गाडी उंच झाली आणि सोसायटीच्या पार्किंगमधल्या ड्रेनेजच्या पाइपाला टपावरचा कॅरिअर अडकू लागला, म्हणून कॅरिअर काढला (गयेला जाताना ज्यावर सामान बांधणार होतो, तोच). एवढे होऊन पेडल दाबले तर ते जमिनीपर्यंत गेले, कारण ट्रकच्या कॅलिपरला ऑइल जास्त लागते आणि माझ्या गाडीचा मास्टर सिलिंडर तेवढे पुरवू शकत नाही. मग सिलिंडर ट्रकचा. त्याला जोर देणारा बूस्टर ट्रकचा. मी रडकुंडीला येऊन विचारले की शिवा, ह्यात आता माझ्या गाडीचे असे काय राहिले? त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "हॉर्न."

शेवटी त्याने बंपरला लिंबू-मिरची बांधली. आपण असले मानत नाही, म्हणून मी ती सोडून त्याच्या हातात दिली. त्यावर तो म्हणाला, "बरं. मग ब्रेकवर तरी विश्वास ठेवा."

मी ठेवला, दादा. चाचणीसाठी डावीकडे शर्मिलाच्या वजनाचे काहीतरी हवे होते. तिला वजन विचारणे जिवावरचे काम, म्हणून तुम्ही पाठवलेले तांदळाचे पोते सीटवर बसवले आणि उलव्याच्या बाजूला एका मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या वेगात पेडलवर पाय ठेवला. दाबला नाही. नुसता ठेवला. गाडी जागच्या जागी थांबली. पोते थांबले नाही. ते डॅशबोर्डवर जाऊन फुटले आणि तांदूळ गाडीच्या पोटात कुठे कुठे शिरला ते शिवालाही सांगता येत नाही. तेव्हापासून एसी लावला की समोरच्या जाळीतून दाणे उडतात, आपल्याकडे लग्नात नवरानवरीवर फुले पडतात तसे. शर्मिलाला मी सांगितले की तांदळाला किडे झाले होते म्हणून देऊन टाकला.

त्यानंतर शिवाने दोन आठवडे खपून ब्रेक माणसात आणले. खरे सांगतो, आता गाडी सुरेख थांबते. मी मोठ्या उमेदीने शर्मिलाला खाली बोलावले. शिवाही कळंबोलीहून मुद्दाम आला होता. तिने गाडीभोवती एक चक्कर मारली, कापलेले मडगार्ड पाहिले, डिस्क पाहिली, आणि मला काही न विचारता शिवाला विचारले, "ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मास्तरांच्या पायाखाली ब्रेक असतो, तसा डावीकडे बसेल का?"

दादा, चार महिने मी भंगारात लोळलो आणि हिला पाहिजे काय होते, तर एक पेडल! पण आता मी कशालाही नाही म्हणत नाही. शिवाने मोडीत निघालेल्या एका ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीचे पेडल आणून त्या भोकाच्या जागी बसवले. परवा शर्मिला मे महिन्यानंतर पहिल्यांदा गाडीत बसली. आम्ही नेरूळहून बेलापूरला गेलो. तिने दाबले, गाडी थांबली. पुन्हा दाबले, पुन्हा थांबली. पोचायला पाऊण तास लागला, मागचे लोक काय काय बोलले ते लिहीत नाही. घरी आल्यावर मी हळूच विचारले, मग ते तिकीट रद्द करू या? ती म्हणाली, "दादाला चालवून बघू दे. तो हो म्हणाला तर बघू." आणि दूध तापवायला गेली.

तिकीट अजून फ्रिजवरच आहे. माझा जीव त्यात अडकला आहे, दादा. मला एकट्याला घरी बसवून ती गयेला गेली तर मी ही गाडी शिवाच्या भंगारात नेऊन घालीन, हे मनापासून लिहितो आहे. वहिनींना जयभीम, आकाश आणि सूनबाईंना आशीर्वाद.

तुमचा,
अंकुश

ता. क. – तर येत्या शनिवारी सकाळच्या एसटीने यावे. खाकी शर्ट घालून आणि बिल्ला लावून आलात तर फार चांगले. स्टेपनीविषयी विचारू नये. जुनी स्टेपनी आता बसत नाही आणि नवी ठेवायला जागा नाही.

ता. क. २ – खरे काम आता लिहितो. डावीकडचे ते पेडल कशालाही जोडलेले नाही. शिवा म्हणाला की मागे ट्रकचा बूस्टर आहे, बाईंनी जोराने दाबले तर तुम्ही दोघे तांदळाच्या मागोमाग जाल. म्हणून त्याने खाली नुसती स्प्रिंग लावली आहे. गाडी थांबते ती मी थांबवतो म्हणून. एक डोळा रस्त्यावर, एक डोळा तिच्या पायावर, आणि तिने दाबले रे दाबले की मी इकडे दाबतो. मानेचे कारण हेच. शनिवारी तुम्ही चालवाल तेव्हा तुम्हालाही हेच करावे लागेल. तुम्ही तीस वर्षांत दुसऱ्याच्या सांगण्यावरून ब्रेक दाबला नसेल, पण कंडक्टरची बेल तर ऐकतच होता. शर्मिलाचा पाय म्हणजे कंडक्टरची बेल समजावी. हात जोडतो.

ता. क. ३ – दादा, जयभीम. मी शर्मिला. तुझा पिनकोड ह्यांना कधीच पाठ नव्हता, म्हणून पाकीट पत्ता घालायला माझ्याकडेच आलं. हे चिकटवायला विसरले होते. पेडलचं मला बेलापूरला पोचायच्या आधीच कळलं. माझी चप्पल त्याच्याखाली गेली, काढायला वाकले तर मागे नुसती स्प्रिंग. ह्यांना बोलले नाही. एकोणीस वर्षं मी मॅट दाबत होते तेव्हा हे लोकांना भोक दाखवून हसायचे. आता मी पाय नुसता उचलला तरी गाडी हळू करतात. मला ट्रकचं काही नको होतं रे, एवढंच हवं होतं. तू ये, पण माझ्या पायाकडे बघू नकोस, तुझ्या पद्धतीने चालव. तिकीट मी रद्द केलेलं नाही. बोर्डिंग तेवढं बदलून नाशिकरोड करून घेतलंय. तिथपर्यंत ह्यांच्या गाडीने जाईन. स्टेशन येईपर्यंत ह्यांचं लक्ष असंच राहिलं, तर पुढे गयेपर्यंत गाडीतच ह्यांच्या शेजारी बसून राहीन. हे ह्यांना सांगू नकोस. आणि येताना तांदूळ आण. परवा एसीतून मूठभर निघाला, पण तेवढ्याने दोघांचं भागत नाही.